पक्षाघात आणि घरची माणसे

ज्या व्याधीस वैद्यकग्रंथांत पक्षाघात म्हणतात, तिला आमच्या येरमाळ्याच्या पंचक्रोशीत कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांगवायू म्हणतो, आणि म्हाताऱ्या बाया ‘वारं गेलं’ एवढेच म्हणून सुस्कारा टाकतात. नाव काहीही असो, चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. काल सायंकाळपावेतो बैलांस वैरण घालणारा धडधाकट मनुष्य पहाटे उठू पाहतो, तो उजवा हात लोंबकळलेला, पाय उचलत नाही, तोंड एका बाजूस ओढलेले, आणि शब्द जिभेवर येतो न येतो तोच विरून जातो. घरात रडारड होते, शेजारीपाजारी जमतात, आणि जो तो एकेक उपाय सांगू लागतो. अमक्या गावी पारव्याचे रक्त चोळणारा आहे. तमक्या ठिकाणी तीन पुड्यांत माणूस उभा करतात. शहरात एक इंजेक्शन निघाले आहे, ते महाग आहे खरे, पण एक एकर विकले तर होईल. या गलबल्यात खरा उपाय कोणता हे ठरवावे कसे, हा प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयीच येथे चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम व्याधी म्हणजे काय ते पाहू. दुखणे हातात नसते, पायातही नसते. ते मेंदूत असते. मेंदूस रक्त पोहोचविणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, अथवा ती वाहिनी फुटली, म्हणजे त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मेंदूच्या डाव्या अर्धाचा हुकूम शरीराच्या उजव्या अर्धावर चालतो आणि उजव्याचा डाव्यावर. यास्तव शरीराची एकच बाजू लुळी पडते. बोलण्याचे केंद्र बहुतेकांच्या डाव्या अर्धात असल्यामुळे उजवा हात गेला की पुष्कळदा वाचाही जाते. हात चोळून हा विकार जात नाही याचे कारण वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. विहिरीवरचा पंप बंद पडला असता मळ्यातील नळी चोळून पाणी यावयाचे नाही.

हा विकार शहरातील श्रीमंतांचा आहे असा समज आपल्याकडे आहे, तो खोटा आहे. मुंबईत डॉ. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत सुमारे दीड लाख वस्तीच्या भागात नोंद ठेविली, तेव्हा दरसाल दर लाखामागे १४५ जणांस पक्षाघात होतो असे आढळले. परंतु त्याहून बोलकी नोंद गडचिरोलीची आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापिलेल्या ‘सर्च’ या संस्थेतील डॉ. योगेश कालकोंडे प्रभृतींनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ पर्यंत ८६ खेड्यांतील प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. एकंदर १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके झाले नव्हते. आणि या मृतांपैकी दर शंभरांत सत्त्याऐंशी जण आपल्या घरीच वारले. या शेवटच्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. खेड्यात पक्षाघाताचे रुग्णालय म्हणजे घर, आणि परिचारिका म्हणजे सून, मुलगी अथवा नातू. मराठवाड्याची स्थिती याहून फार निराळी असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता मनुष्य बरा कसा होतो ते पाहू, कारण पुष्कळजण बरे होतात ही गोष्ट खरी आहे. मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही. परंतु तिच्या सभोवारचा जो भाग सुजून बधिर झालेला असतो, तो सूज उतरताच काम करू लागतो. यापुढची गोष्ट अधिक नवलाची. चैत्री पौर्णिमेस येडेश्वरीच्या यात्रेत आमचा सोलापूर-धुळे रस्ता तुंबला म्हणजे माहीतगार गाडीवान शेताच्या बांधावरून वाट काढतो. पहिली गाडी खडखडत जाते. दहावी बरी जाते. शंभर गाड्या गेल्यावर तेथे चाकोरी पडते. मेंदूतही असेच होते. राजमार्ग बंद पडला असता शेजारचे मज्जातंतू तेच काम आडवाटेने करू लागतात, व ती वाट जितकी वापरावी तितकी रुळते. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पुढे ती मंदावते, तथापि पुढेही उद्योग केल्यास काही ना काही पदरात पडते.

येथेच एक घोटाळा उत्पन्न होतो. रोगी कोणत्याही उपायाने, किंबहुना कोणत्याही उपायावाचून, पहिल्या काही आठवड्यांत थोडाबहुत सुधारतोच. त्या अवधीत ज्याने पुडी दिली असेल त्याच्या पुडीला यश येते. ज्याने पारवा मारला असेल त्याचा पारवा धन्य होतो. शिवाय चेहऱ्याच्या एकाच मज्जातंतूचा एक निराळा आजार आहे. त्यात हातपाय शाबूत राहून केवळ तोंड वाकडे होते, आणि तो बहुधा आपोआपच बरा होतो. अशा दहा जणांस बरे केल्याची कीर्ती ज्याच्या नावावर जमा असते, त्याच्याकडे लोक अकराव्यास खऱ्या पक्षाघाताचा रोगी नेऊन टाकतात. (तोंड वाकडे झाल्यास हा सौम्य आजारच असेल असे मात्र घरी ठरवू नये, तो निवाडा डॉक्टरांचा.) या सर्वच लोकांस आम्ही लबाड म्हणत नाही. कित्येकांची स्वतःचीही फसगत झालेली असते.

तेव्हा, सुधारणा औषधाने झाली की काळाने, हे कळावे कसे? यास वैद्यकशास्त्राने शोधून काढलेला मार्ग आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजण्यासारखा आहे. पुष्कळ रोगी घ्यावयाचे. प्रत्येकाची जणू चिठ्ठी टाकावयाची; छाप आल्यास नवा उपचार, काटा आल्यास नेहमीचा. डॉक्टरांच्या मर्जीने वाटणी केल्यास कनवाळू डॉक्टर नकळत तरतरीत रोगी नव्या उपचाराकडे टाकील आणि मग तुलना कसली? चिठ्ठीने वृद्ध व तरुण, सधन व निर्धन, सौम्य व तीव्र हे दोहोंकडे आपोआप सारखे वाटले जातात. पुढे सहा महिन्यांनी, कोणास काय मिळाले हे ज्यास ठाऊक नाही अशा तिऱ्हाइताने जाऊन पाहावयाचे, की हा मनुष्य आपले आपण चालतो काय, जेवतो काय, अंगरखा घालतो काय. या पद्धतीत गुरूचा अधिकार, जाहिरातीचा झगमगाट व आप्तांची आशा यांपैकी कशालाही मत नसते.

मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याची कथा आमच्या शाळेतील मुलांस ठाऊकच आहे. दाटीमुळे वाट मिळेना तेव्हा चौघांनी त्याला बाजेसह छपरावर चढविले व छप्पर उघडून खाली सोडले. या कथेतील चौघांकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. परंतु आपल्या देशात पक्षाघाताच्या रोग्याचे पुढे काय होणार, हे पुष्कळदा अशा चौघांवरच अवलंबून असते. आणि याच चौघांची परीक्षा पाहणारा एक मोठा प्रयोग हिंदुस्थानातच झाला, हे फार थोड्यांस माहीत आहे.

त्या प्रयोगाचे नाव ‘अटेंड’. त्याच्या चालकांमध्ये लुधियाना येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन व ऑस्ट्रेलियातील डॉ. रिचर्ड लिंडली हे प्रमुख होते. (लुधियानाची ही संस्था डॉ. एडिथ ब्राउन या मिशनरी बाईंनी १८९४ साली स्थापिली.) विचार असा होता की, शरीरोपचारतज्ज्ञ थोडे आणि रोगी अगणित, तेव्हा तज्ज्ञाची विद्या घरच्याच एका माणसास शिकवावी. जानेवारी २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रोगी निवडले गेले. चिठ्ठीने अर्ध्यांस नेहमीचेच उपचार मिळाले. उरलेल्या अर्ध्यांच्या घरच्या एका माणसास, रोग्यास कसे निजवावे, कसे बसवावे, कोणते काम कितीदा करवून घ्यावे, आठवड्याचे उद्दिष्ट कसे ठरवावे, हे रुग्णालयात शिकविण्यात आले. आणि घरी गेल्यावरही शिकविणारी व्यक्ती त्यांच्याकडे जात राहिली. हा क्रम दोन महिनेपर्यंत चालला.

सर्वांस आशा होती की याचा लाभ दिसेल. आम्हांस विचारले असते तर आम्हीही पैजेवर तसेच सांगितले असते. परंतु सहा महिन्यांनी मोजले तेव्हा शिकविलेल्या गटातील ६०७ रोग्यांपैकी २८५ जण मृत्यू पावलेले अथवा परावलंबी होते. न शिकविलेल्या गटातील ६०५ पैकी २८७. म्हणजे दोहोंकडे शेकडा ४७. फरक नाही. आणि हा निष्कर्ष चालकांनी लपविला नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय पत्रात तो सर्व जगापुढे मांडला.

हे ऐकून कोणा कष्टाळू सुनेचे मन खचेल, म्हणून याचा अर्थ सावकाश पाहिला पाहिजे. घरच्यांची सेवा व्यर्थ आहे असे या प्रयोगाने मुळीच दाखविले नाही. दुसऱ्या गटातील रोग्यांच्या घरीही माणसे होतीच. तीही उठवीत होती, बसवीत होती, भरवीत होती. सेवा विरुद्ध उपेक्षा अशी ती तुलना नव्हतीच. घरच्या सेवेवर थोड्या शिकवणीची भर घातल्याने पारडे झुकते काय, एवढेच विचारले होते, आणि त्या मात्रेत ते झुकले नाही एवढेच उत्तर आले. आमच्या मते यातून सरकारने व संस्थांनी घ्यावयाचा धडा मोठा आहे. तज्ज्ञाची जागा कुटुंबाने भरून निघेल या समजुतीवर तज्ज्ञ नेमण्याचे टाळता येत नाही. चौघे बाज उचलून नेतील, छप्परही उघडतील; पण खाली कोणीतरी बरे करणारा असावा लागतो.

असे निराशेचे निकाल आणखीही आहेत, व ते आम्हांस विजयाच्या बातम्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटतात. रोग्यास जितक्या लवकर उभे करावे तितके बरे, असे पुष्कळ जाणत्यांचे मत होते. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रोग्यांवर ‘अवर्ट’ नावाचा प्रयोग झाला आणि २०१५ साली कळले की, पहिल्या चोवीस तासांपासूनच वारंवार व दीर्घकाळ उठविलेल्या रोग्यांत चांगले सुधारलेले शेकडा ४६ होते, तर बेताने उठविलेल्यांत शेकडा ५०. म्हणजे अतिउत्साहाने थोडे नुकसानच झाले. पहिल्या दिवशी दोघांनी बगलेत धरून ओट्यावर चालविण्याची जी घाई घरोघर होते, ती करू नये. केव्हा व किती उठवावे ते डॉक्टरांनी सांगावे. तसेच मनाच्या उदासीनतेवरील फ्लुओक्सेटीन या औषधाने हातापायांत बळ येते, असे फ्रान्समधील ११८ रोग्यांच्या लहानशा प्रयोगावरून २०११ साली वाटले होते. २०१८ साली इंग्लंड-स्कॉटलंडकडील ३,१२७ रोग्यांच्या मोठ्या प्रयोगाने ती आशा मोडली.

आणि आता ते महाग इंजेक्शन. मूळपेशी, म्हणजे स्टेमसेल, टोचून मेंदू पुन्हा घडवितो असे सांगणारे शहराशहरांत आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. कामेश्वर प्रसाद यांनी पाच केंद्रांत १२० रोगी घेऊन, अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देऊन, चिठ्ठीच्या याच पद्धतीने तपासणी केली. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. पेशी दिलेल्यांस अपाय झाला नाही. परंतु न दिलेल्यांपेक्षा लाभही झाला नाही. पुढे काय शोध लागेल तो लागो; पण आज यासाठी कोणी जमीन विकावयास निघाला असेल, तर त्याला हा निकाल कोणीतरी वाचून दाखवावा.

मग सिद्ध झालेले असे काहीच नाही काय? आहे. पक्षाघाताच्या रोग्यांसाठी वेगळा कक्ष व त्यात या कामी तरबेज झालेली डॉक्टर, परिचारिका, शरीरोपचारतज्ज्ञ आदींची मंडळी असली, म्हणजे मृत्यू व परावलंबन दोन्ही कमी होतात. हे अनेक देशांत पुनःपुन्हा दिसले आहे. हातासंबंधी एक चमत्कारिक उपाय ठरला आहे. लुळा हात चालत नाही म्हणून रोगी सर्व कामे चांगल्या हाताने करू लागतो; त्यामुळे लुळा हात थोडा सुधारला तरी त्याला काम मिळत नाही, व तो निरुद्योगी राहून बिघडतो. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे प्रथम माकडांत ओळखले. त्याने तोड काढली ती अशी, की चांगल्याच हातास कोंडावे! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २२२ रोगी होते. पक्षाघातास तीन ते नऊ महिने झालेल्या या लोकांपैकी एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा घातला, व दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास कामे करवून घेतली. वर्षानंतर पाहता त्यांचा हात दुसऱ्यांपेक्षा अधिक कामाचा झाला होता. मनगट व बोटे थोडी तरी हलत असतील त्यांसच हा उपाय लागू पडतो. तरी त्यातील तत्त्व घरोघर उपयोगी आहे. पितळी धरणे, शेंगा सोलणे, पत्ते पिसणे अशा कामांत दुबळ्या हातास वाटा द्यावा; लाडाने सर्वच हातात आणून देऊ नये.

कामाच्या द्वारे हात सुधारण्याच्या या विद्येस व्यवसायोपचार म्हणतात, आणि ती हिंदुस्थानात महाराष्ट्रानेच प्रथम शिकविली. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहाने निंबकरांच्या घरी आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची पहिली शाळा काढली. फलटणची एक शाळा त्यांचे नाव चालविते. १९५५ साली मुंबईतच हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. इतक्या वर्षांनंतरही आमच्या कळंब तालुक्यातील साध्या शेतकऱ्यास व्यवसायोपचार हा शब्दसुद्धा ऐकून ठाऊक नसतो, ही गोष्ट आम्हांस लागून राहते.

घरच्यांसाठी काही बारीकसारीक सूचना येथेच सांगून ठेवतो, कारण नुकसान होते ते बहुधा अशा लहान गोष्टींनी. रोग्यास उठविताना लुळा हात धरून कधीही ओढू नये. खांदा निखळतो, आणि त्या दुखण्याने महिनोन्‌महिने व्यायामच होत नाही. गिळता येते की नाही हे तपासून घेतल्यावाचून तोंडात पाणी, चहा अथवा दूध घालू नये. ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होतो. प्रेमाने पाजलेल्या चमच्याने माणसे दगावली आहेत. ज्यास स्वतः कूस बदलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. सदऱ्याची बाही प्रथम लुळ्या हातात घालावी व काढताना ती शेवटी काढावी. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नये. पहिला झटका आलेल्यास दुसरा येण्याचे भय असते, आणि त्याचा मोठा दरवाजा वाढलेला रक्तदाब हाच आहे. तंबाखूविषयी वेगळे काय लिहावे?

वाचा गेलेल्या रोग्याकडे मात्र विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण हे काम मोठ्यांपेक्षा मुलांस अधिक साधते. आजोबा बोलत नाहीत याचा अर्थ त्यांस समजत नाही असा नव्हे. पुष्कळदा आत सर्व काही जागे असते, फक्त शब्द सापडत नाही. अशा वेळी ओरडून बोलू नये. ते बहिरे झालेले नाहीत. एका वेळी एकच गोष्ट विचारावी, आणि मान हलवून होय-नाही सांगता येईल अशी विचारावी. उत्तरासाठी थांबावे. त्यांचे वाक्य घाईने आपणच पुरे करू नये. भांड्यांची, गुरांची, घरच्या माणसांची चित्रे दाखवून नावे म्हणवून घ्यावीत. पुष्कळांस गाण्याची ओळ म्हणता येते पण साधा शब्द उच्चारता येत नाही. तेव्हा त्यांच्या पाठातली भजने त्यांच्यासह म्हणावीत. ते कारणावाचून रडू लागले तर घाबरू नये. तोही मेंदूच्या दुखण्याचाच भाग असू शकतो, आणि त्यावर औषध आहे.

शेवटी वेळेविषयी. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांच्या आत, तेही मेंदूचे सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावरच देता येते. आणि जितके लवकर द्यावे तितका मेंदू अधिक वाचतो. येरमाळ्याहून धाराशिव, बार्शी, लातूर, सोलापूर या वाटा आहेत. यांपैकी कोठे रात्रीअपरात्री सी. टी. स्कॅन होते व हे औषध मिळते, ते आजच, घरात सर्व सुखरूप असताना विचारून ठेवावे. चेहरा एकीकडे ओढला गेला, हात वर केला असता खाली पडू लागला, अथवा बोलणे अडखळले, तर १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी आणि पारवेवाल्याकडे, देवऋष्याकडे किंवा मालीश करणाऱ्याकडे वळसा घेऊ नये. घरातील शाळकरी मुलाने तेवढ्यात एक काम करावे. रोगी शेवटचा ठीक कोणी पाहिला व तेव्हा घड्याळात किती वाजले होते, हे भिंतीवरील कॅलेंडरच्या पानावर लिहून ते पान फाडून गाडीत द्यावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.